मोटारीचे रबरी सांधे



घरांतील दाराची बिजागरी कुरकुरूं लागली म्हणजे आपण तींत तेलाचे दोन थेंब सोडतों आणि कुरकुर थांबते. विहिरीवरचा रहाट, बैलगाडीचा आंख, शिवणाचें यंत्र या सर्वांचें समाधान वंगणानें होतें. म्हणून जेथें दोन भाग एकमेकांवर फिरतात तेथें तेल घालावें, हा धडा आपल्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेला आहे. मोटारीच्या एका जातीच्या सांध्यांना मात्र हा उपायच अपाय ठरतो. ते सांधे वाजूं लागले असतां त्यांत तेल सोडणें म्हणजे त्यांचें उरलेलें आयुष्य आपल्या हातानें कमी करणें होय. या सांध्यांस कारागीर ‘बुश’ म्हणतात; आणि जुन्या गाडीचे झिजलेले बुश घरच्या घरीं कसे बदलावे, हें आज आपणांस सांगण्याचें मीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं मारुति ८०० ही गाडी घेऊं. या जातीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरांत ग्राहकाच्या हातीं पडली आणि २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. म्हणजे त्यांतील सर्वांत तरुण गाडीच्याही जन्मास आतां दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे; आणि पंचवीस-तीस वर्षांच्या गाड्याही अद्याप लहान गांवांच्या रस्त्यांवर दिसतात. रचना साधी, वजन सुमारें साडेसहाशें किलो, सुटे भाग माफक किंमतीचे. त्यामुळें स्वतःच्या हातानें काम शिकूं इच्छिणाऱ्यास ही गाडी चांगली गुरु आहे. जें तत्त्व मी सांगणार आहें तें रबरी बुश असलेल्या इतर जुन्या गाड्यांनाही लागू आहे. बोल्टांच्या जागा मात्र निराळ्या असतील.

या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकापाशीं खालच्या बाजूस एक लोखंडी भुजा असते. दुकानांत तिला ‘लोअर आर्म’ म्हणून मागावें लागतें. तिचें बाहेरचें टोंक एका गोल सांध्यानें चाकाच्या आधारास जोडलेलें असतें, आणि आंतलें टोंक एका आडव्या बोल्टानें गाडीच्या सांगाड्यास. रस्त्यांत खड्डा आला कीं चाक खालीं जातें, उंचवटा आला कीं वर येतें. आणि त्याबरोबर ही भुजा आपल्या बोल्टाभोंवतीं वरखालीं झुलते. पेटीचें झांकण बिजागरीवर झुलावें तसेंच हें झुलणें आहे. या बिजागरीच्या ठिकाणीं बुश बसविलेला असतो.

मोटारींच्या आरंभींच्या काळांत अशा ठिकाणीं धातूचे बुश असत आणि ठराविक अंतर तोडल्यावर प्रत्येक सांध्यांत ग्रीज भरावें लागे. त्यांत हयगय झाली कीं धूळ आंत शिरे आणि सांधा झिजे. ही दगदग रबरानें संपविली. निसर्गांतून मिळणारें रबर उन्हाळ्यांत चिकट आणि थंडींत ठिसूळ होतें. तें गंधकाबरोबर तापविलें असतां हा दोष जातो, असें अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यास १८३९ सालीं आढळून आलें, व १८४४ सालीं त्यानें त्या कृतीचें पेटंट घेतलें. अशा टिकाऊ रबराचा सांधा मोटारीच्या पोटांत येण्यास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें.

त्या सांध्याची रचना अशी. एक बाहेरची पोलादी नळी, एक आंतली पोलादी नळी, आणि दोहोंच्या मध्यें घट्ट धरलेलें रबर. बाहेरची नळी भुजेच्या भोंकांत दाबून बसविलेली असते. ती तेथें फिरत नाहीं. आंतल्या नळींतून बोल्ट जातो. तो आवळला कीं सांगाड्याच्या दोन कानांमध्यें नळी चिमटली जाते. तीही फिरत नाहीं. मग भुजा हलते कशी? मधलें रबर पिळलें जातें म्हणून. चाक वर गेलें कीं रबर एका बाजूस पिळलें जातें, खालीं आलें कीं दुसऱ्या बाजूस. येथें कोणताही भाग कोणत्याही भागावर घसरत नाहीं. म्हणून येथें वंगणास कामच नाहीं, आणि खनिज तेलानें तर रबर फुगून मऊ पडतें. बुश फिरत नाहीं, पिळला जातो, एवढें एक वाक्य आपण ध्यानांत ठेवा. आजच्या भाषणाचा भार शेवटीं त्यावरच येणार आहे.

हें रबर अमर नाहीं. हवेंतील ओझोन, एंजिनाची आंच, वरून ठिबकणारें तेल आणि वर्षानुवर्षांचे हेलकावे यांनीं तें कडक होतें, त्यास भेगा पडतात, आणि अखेर तें फाटतें किंवा नळीपासून सुटतें. वरवर केसाएवढ्या भेगा दिसल्या म्हणजे बुश गेलाच असें समजूं नये. परंतु रबराचा लचका निघाला असेल, आंतली नळी मध्यावर न राहतां एका बाजूस कलली असेल, किंवा भेग आरपार गेली असेल, तर त्याचें आयुष्य संपलें असें खुशाल समजावें.

गाडी चालवितांना याचीं लक्षणें अशीं दिसतात. गतिरोधकावरून जातांना पुढून, खालच्या अंगानें, ‘टक्‌’ असा बोजड आवाज येतो. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखें सांवरावें लागतें. टायरची एक कड दुसरीपेक्षां लवकर झिजते. आणि ब्रेक लावतांच गाडी एका अंगास ओढूं लागते. माझ्या गाडीनें हें शेवटचें लक्षण भोरहून महाडकडे वरंध घाट उतरतांना दाखविलें. एका वळणाच्या अलीकडे मीं ब्रेक दाबला आणि गाडी हातभर डावीकडे सरकली. डावीकडे दरी होती. मागच्या आसनावर मुलें झोंपलीं होतीं. त्यांना कांहीं कळलें नाहीं. मला मात्र कळून चुकलें कीं, दोन महिने ऐकूं येणारा तो ‘टक्‌’ आवाज मी गाण्यांचा आवाज वाढवून झांकीत आलों होतों.

अशींच लक्षणें इतर दोषांचींही असूं शकतात. म्हणून सुटा भाग आणण्यापूर्वीं परीक्षा करावी. पुढें सांगेन त्या रीतीनें गाडी उचलून पक्क्या आधारावर ठेवावी, आणि भुजा व सांगाडा यांच्या फटींत लहान पहारीचें टोंक घालून बेतानें रेटावें. चांगला बुश किंचित्‌ दबतो आणि सोडतांच पूर्ववत्‌ होतो. गेलेल्या बुशांत भुजा खटकन्‌ सरकते आणि रबर नळीपासून सुटलेलें स्पष्ट दिसतें. बाहेरच्या टोंकाचा गोल सांधाही याच वेळीं रेटून पाहावा. तो ढिला असेल तर नुसता बुश बदलण्यांत अर्थ नाहीं. या गाडींत तो भुजेचाच भाग असल्यामुळें बुशासह पुरी नवी भुजा आणणेंच शहाणपणाचें. एका बाजूचा बुश गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही बदलावा, कारण दोघांनीं सारखेच खड्डे सोसलेले असतात.

कामास हात घालण्यापूर्वीं एक गोष्ट मी आग्रहानें सांगतों. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं मान तर राहोच, हातही घालूं नये. गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी. मागच्या चाकांना पुढून आणि मागून लांकडाच्या उट्या लावाव्या. या गाडीचें एंजिन पुढचीं चाकें फिरवितें; तीं उचललीं म्हणजे गिअरचा अडसर निरुपयोगी होतो, आणि सारा भरंवसा मागच्या चाकांच्या हातब्रेकवर व त्या उट्यांवर राहतो. पुढचा भाग थोडा थोडा, आळीपाळीनें दोन्ही बाजूंनीं उचलून, सांगाड्याच्या मजबूत जागीं दोन लोखंडी घोड्यांवर टेकवावा. घोडीच्या ऐवजीं विटा रचूं नयेत; वीट फुटते तेव्हां आगाऊ सूचना देत नाहीं. काढलेलें चाक गाडीखालीं आडवें सरकवून ठेवावें. घोडी दगा देईल तर तें आडवें येईल. गाडी घोड्यांवर बसल्यावर तिला बाजूनें चांगला हिसका द्यावा. ती डगमगली तर खालीं आणून पुन्हा मांडावी. जेथें घोडी टेकवावयाची तेथीलच पत्रा गंजून पोखरला असेल, तर हें काम घरीं करूं नये. गाडी कारखान्यांत न्यावी.

आदल्या रात्रीं सर्व बोल्टांच्या आट्यांवर गंज सोडविणारें तेल घालून ठेवावें. मात्र तें नव्या रबरास लागूं न देण्याची काळजी पुढें घ्यावयाची आहे. चाकांचे नट, चाकें जमिनीवर असतांनाच अर्धा फेरा सैल करावे. मग गाडी वर घ्यावी आणि चाकें काढावीं. दोन्ही बाजूंच्या भुजा एकाच वेळीं सोडवूं नयेत. एक बाजू जशीच्या तशी राहूं दिली म्हणजे जोडणी विसरली असतां तीच आपली आकृति होते.

भुजेला तीन ठिकाणीं बंधनें आहेत. पहिलें बंधन आडव्या दांड्याचें. गाडी वळणावर कलूं नये म्हणून एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एक वांकविलेला पोलादी दांडा असतो. त्याचें टोंक भुजेंतून आरपार जातें आणि तेथें रबरी गाद्या, वायसर व खांचेचा नट असतो. नटांतून घातलेली दुहेरी पिन सरळ करून काढावी, मग नट काढावा. हा दांडा सांगाड्यास ज्या पट्ट्यांनीं धरलेला असतो त्यांचे बोल्टही सैल करावे, म्हणजे टोंक सुटण्यास जागा मिळते. याच गाद्या चाकास पुढेंमागें सरकण्यापासून आंवरतात. त्या चिरडल्या असतील तर ब्रेकच्या वेळीं गाडी ओढण्यास त्याही कारण असतात, म्हणून त्या बरोबरच बदलाव्या. दोन्ही पुढचीं चाकें अधांतरीं ठेवण्याचें कारणही येथेंच आहे. एकच बाजू उचलली तर दांडा पिळलेला राहतो आणि नट सुटतांच टोंक हिसका मारतें.

दुसरें बंधन गोल सांध्याचें. त्याची खुंटी चाकाच्या आधारांत एका आडव्या बोल्टानें चिमटलेली असते. हा बोल्ट नुसता सैल करून भागत नाहीं, पुरा बाहेर काढावा लागतो. कारण तो खुंटीच्या खांचेंतून जातो. खुंटी सुटल्यावर चाकाचा आधार लोंबूं देऊं नये, तारेनें बांधून ठेवावा. नाहीं तर ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो आणि चाक फिरविणारा दांडा आपल्या सांध्यांतून निसटण्याचा संभव असतो. तिसरें बंधन आंतल्या आडव्या बोल्टाचें. तो निघाला कीं भुजा हातांत येते. उभ्या स्प्रिंगला या कामांत मुळींच हात लावावयाचा नाहीं. ती दाबून बसविलेली असते, आणि योग्य साधनावांचून सोडविली तर प्राणघातक ठरूं शकते.

आतां जुना बुश काढावयाचा. तो कोणत्या बाजूनें किती बाहेर आहे, ही खूण आधीं करून ठेवावी. भक्कम शेगडा असेल तर काम सोपें आहे. बुशाच्या बाहेरच्या नळीहून किंचित्‌ लहान असा नळीचा तुकडा एका बाजूस, व बुश आंत मावेल एवढा मोठा तुकडा दुसऱ्या बाजूस ठेवून शेगडा आवळीत जावें. बुश सरकत बाहेर येतो. शेगडा नसेल तर लांब बोल्ट, नट आणि जाड वायसर यांनींही तेंच दाबण्याचें काम होतें. गंजामुळें बुश हटून बसलाच, तर रबर कापून आंतली नळी काढावी आणि बाहेरच्या नळीस करवतीच्या पात्यानें आंतून एक चीर पाडावी. ती आंत मुडपली जाते. पातें भुजेच्या भोंकास लागूं देऊं नये. रबर जाळून काढण्याची एक रीत आहे. तिचा धूर घातक असतो आणि आगीच्या उष्णतेनें शेजारच्या गोल सांध्याचें रबरी आवरणही जातें. ती रीत सोडून द्यावी.

भोंक तारेच्या ब्रशानें स्वच्छ करावें. नव्या बुशाच्या बाहेरून साबणाचें पाणी लावावें. तेल किंवा ग्रीज नव्हे. साबणाचें पाणी वाळून जातें आणि रबरास अपाय करीत नाहीं. बुश दाबतांना दाब केवळ बाहेरच्या नळीच्या कडेवर पडला पाहिजे. आंतल्या नळीवर किंवा रबरावर दाब दिला तर बुश बसण्यापूर्वींच आंतून फाटतो, आणि तें बाहेरून दिसतही नाहीं. आरंभीं तो वांकडा शिरूं लागला तर तेथेंच थांबून पुन्हा सरळ धरावा; हातोड्यानें समजूत घालूं नये.

भुजा उलट क्रमानें जागेवर चढवावी, गोल सांध्याची खुंटी तळापर्यंत सरकवून तिचा बोल्ट आवळावा. परंतु आंतला आडवा बोल्ट व आडव्या दांड्याचे नट मात्र हातानें फिरतील इतकेच लावावे. येथें आपण त्या एका वाक्यापाशीं परत आलों.

माझ्या गाडीचे बुश मीं पहिल्यानें बदलले तेव्हां सारें येथपर्यंत नीट केलें होतें. चाकें अधांतरीं लोंबत असतांनाच, पाना सहज फिरतो म्हणून, मीं तो आंतला बोल्ट जोर लावून आवळला. गाडी खालीं आणली, चालवून पाहिली. आवाज नाहीं, ओढणें नाहीं. चार महिन्यांनीं त्याच घाटांत, जवळजवळ त्याच वळणावर, गाडी पुन्हा डावीकडे ओढली. बुश काढून पाहिले तों दोन्ही फाटलेले. माल खोटा होता अशी माझी खात्री झाली, आणि दुकानदारास मीं चार शब्द सुनावले. शेजारच्या आळींतील एका वृद्ध मिस्त्रीनें ते बुश हातांत घेऊन उलटसुलट पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: “बोल्ट आवळला तेव्हां चाक कुठें होतें?”

प्रश्नाचा अर्थ असा. बोल्ट आवळण्याच्या क्षणीं भुजा ज्या कोनांत असेल तो कोन रबराची विश्रांतीची जागा ठरतो. त्या कोनांत तें सरळ असतें. इतर प्रत्येक कोनांत पिळलेलें असतें. चाक लोंबत असतां बोल्ट आवळला आणि मग गाडी जमिनीवर आणली, तर भुजा वर जाते आणि रबर उभ्या जागींच पिळलें जातें. उदाहरणार्थ, लोंबण्याची जागा आणि उभ्या गाडीची जागा यांत १५ अंशांचें अंतर धरूं, आणि मोठ्या खड्ड्याच्या धक्क्यानें भुजा आणखी १० अंश वर जाते असें समजूं. नीट आवळलेल्या बुशास त्या धक्क्यांत १० अंशांचा पीळ बसेल. माझ्या बुशास २५ अंशांचा बसत होता. गाडी रात्रभर दारांत उभी असे तेव्हांही तो १५ अंश पिळलेलाच राही. ओला पंचा पिळून तसाच खुंटीस टांगावा आणि येतां-जातां त्यास आणखी पीळ देत राहावें, तशी त्याची गत मीं केली होती. दुकानदाराची मीं नंतर क्षमा मागितली.

म्हणून रीत अशी. चाकें लावून गाडी जमिनीवर आणावी. पुढचा भाग दोन-चार वेळां दाबून सोडावा, गाडी हातभर पुढेंमागें ढकलावी. म्हणजे टायर मोकळे होऊन भुजा आपल्या नित्याच्या उंचीवर येते. हातब्रेक पुन्हा ओढून उट्या जागेवर लावाव्या, आणि मग बाजूनें पाना घालून आंतला बोल्ट व दांड्याचे नट आवळावे. पाना पोंचत नसेल तर गाडी घोड्यांवरच ठेवून, दुसरा जॅक भुजेच्या बाहेरच्या टोंकाखालीं लावावा आणि त्या बाजूचा भार घोडीवरून किंचित्‌ हलका होऊं लागेपर्यंत भुजा वर उचलावी. गाडी घोडीवरून सुटूं देऊं नये. त्या स्थितींत बोल्ट आवळावा. किती आवळावा हें दंडाच्या जोरावर ठरवूं नये. गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत दिलेलें माप टॉर्क पान्यावर लावून तेवढेंच आवळावें. सैल कान नळीस धरीत नाहींत, आणि अति आवळलेल्या बोल्टाचे आटे जातात. खांचेच्या नटास दुहेरी पिन नवीच घालावी. जुनी पिन पुन्हा वांकविली तर ती चालतांना तुटूं शकते. शेवटीं पट्ट्यांचे बोल्ट आणि चाकांचे नट आवळले ना, तें हात लावून पाहावें.

पहिला फेरा रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर, सावकाश घ्यावा. प्रथम हलका, मग थोडा जोराचा ब्रेक लावून गाडी सरळ थांबते कीं नाहीं तें पाहावें. त्यानंतर चाकांचे कोन योग्य यंत्रावर तपासून घ्यावे. भुजा काढून घातल्यावर ते जसेच्या तसे राहतील असें धरून चालूं नये, आणि हें काम घरीं होण्यासारखें नाहीं. आठवड्याभरानें सर्व बोल्ट पुन्हा एकदां मापानें पाहावे.

या कामास नवशिक्यास सबंध एक दिवस लागतो, आणि तो दिवस मोकळा असल्यावांचून आरंभ करूं नये. संध्याकाळच्या घाईंत बोल्ट लोंबत्या चाकावरच आवळले जातात. माझ्या गाडीचे दुसऱ्या वेळचे बुश मीं रविवारीं सकाळीं बसविले. चारही चाकें जमिनीवर टेकलीं होतीं, आणि बोल्ट आवळण्यापूर्वीं त्या मिस्त्रीला मीं घरीं बोलावून आणलें होतें. त्यानें वांकून एकदां भुजेकडे पाहिलें, मान हलविली, आणि चहा घेऊन तो निघून गेला. त्यास आतां सहा पावसाळे झाले. घाट तोच आहे, दरीही त्याच बाजूस आहे. ब्रेक दाबला म्हणजे गाडी सरळ थांबते.